तारामतीची मिशी

नाशिककरांसमोर दादासाहेब फाळक्यांबद्दल बोलायचं म्हणजे त्र्यंबकच्या गुरुजींना संध्या शिकवायला जाण्यासारखं आहे, याची आम्हाला कल्पना आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलेलं आहे. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. निधन इथंच नाशकात, १६ फेब्रुवारी १९४४. मधलं सगळं तुम्हाला पाठ आहे. तेव्हा आज फाळक्यांचं चरित्र सांगायचं नाही. आज बोलायचंय ते त्यांच्या पडद्यावरच्या बायकांबद्दल. म्हणजे बाईनं कसं असावं, पुरुषानं कसं असावं, हे आपल्याला शिकवलं कुणी? आईनं, आजीनं, शाळेनं शिकवलं हे खरंच. पण नाटकानं आणि सिनेमानंही शिकवलं, आणि त्यातला बराच भाग आपल्या या गावाच्या आसपास घडला.

आता पहिली अडचण अशी की पहिल्या चित्रपटात बाईच नाही.

३ मे १९१३. मुंबईचं कॉरोनेशन थिएटर. 'राजा हरिश्चंद्र'. राजा झालेत द. दा. दाबके, रोहिदास झालाय फाळक्यांचा मुलगा भालचंद्र, आणि राणी तारामती? ती झालेत अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा, सडपातळ अंगाचा, नाजूक हातांचा पोरगा. महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं चरित्रांतून सांगितलं जातं. त्याआधी फाळक्यांनी बायका शोधल्या नाहीत असं नाही. जाहिराती दिल्या. गाण्याबजावण्यावर पोट असलेल्या वस्तीतही चकरा मारल्या. तिथूनही नकार आला. घरंदाज बाईनं नाही म्हणणं समजू शकतं. पण जिला समाजानं आधीच वेशीबाहेर काढलं होतं, तिलाही कॅमेऱ्यापुढे उभं राहणं कमीपणाचं वाटलं! सिनेमा म्हणजे नक्की काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, हे त्यातलं अर्धं कारण. उरलेलं अर्धं कारण हा आपला आजचा विषय.

आणि मग ती मिशीची भानगड. स्त्रीपार्टी करायला जी मुलं मिळाली, ती मिशी काढायला तयार होईनात. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची नाही, ही रीत. मिशी उतरली की लोक विचारणार, वडील गेले का? तेव्हा फाळक्यांना एकेकाची समजूत घालावी लागली. (हशा) हसायला येतं खरं, पण बघा, पुरुषाच्या ओठावरचे चार केस हे त्याच्या बापाच्या जिवाशी बांधलेले होते. पुरुषपणा हासुद्धा एक पोशाखच होता, आणि तो उतरवायचा म्हणजे घराण्याचा प्रश्न. बाईला कुंकू, पुरुषाला मिशी. दोघांच्याही तोंडावर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी जगण्यामरण्याची पाटी लावलेली. बाईचं ओझं शतपटीनं जड होतं, त्यात वाद नाही. तरी पुरुष मोकळा होता असं कुणी म्हणू नये.

आता तुम्ही म्हणाल, यात फाळक्यांचा काय दोष? दोष नाहीच. मराठी रंगभूमीची सुरुवातच तशी. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून सीता पुरुषच होती. पुढे किर्लोस्कर मंडळी आली, भाऊराव कोल्हटकर आले, आणि मग १९०५ साली त्याच मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आला. बालगंधर्व.

बालगंधर्वांबद्दल मराठी माणसाला बोलायला सुरुवात केली की थांबवता येत नाही, म्हणून आम्ही स्वतःला आवर घालतो. पण एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. 'मानापमान' १९११ चं, त्यातली भामिनी. 'स्वयंवर' १९१६ चं, त्यातली रुक्मिणी. 'एकच प्याला' १९१९ चं, त्यातली सिंधू. या भूमिका पाहायला बायका गर्दी करायच्या, आणि घरी जाऊन त्यांच्यासारखी साडी नेसायच्या. पदर कसा घ्यायचा, अंबाडा कसा घालायचा, गजरा कुठे माळायचा, नथ कुठली, हातात रुमाल कसा धरायचा, हे पुण्यामुंबईच्या, नाशिकनगरच्या सुखवस्तू घरांतल्या बायका एका पुरुषाकडून शिकल्या. त्यांचे स्त्रीवेशातले फोटो घरोघरी लागले. त्यांच्या चेहऱ्यावर साबण आणि पावडरी खपल्या. खरे दागिने, खरी अत्तरं, भारी शालू यांपायी त्यांची कंपनी कर्जात बुडाली, ती गोष्ट वेगळी.

म्हणजे काय झालं? खऱ्या बाईला रंगमंचावर बंदी, आणि खरी बाई कशी असते ते बाईला दाखवणार रंगमंचावरचा पुरुष. या चक्रात एक गोम आहे. बालगंधर्वांची बाई रुसते, लाजते, मान वेळावते, डोळे खाली घालते. ती दमत नाही. तिला भाजी चिरायची नसते, धुणं नसतं, पाळी नसते, बाळंतपण नसतं. ती पुरुषानं पुरुषांसाठी आणि बायकांसाठीही तयार केलेली बाई आहे. आणि ती इतकी सुंदर होती की खऱ्या बायकांना आपण कमी पडतो असं वाटलं. आमच्या घरातल्या जुन्या बायकांच्या तोंडी एक वाक्य असायचं, एखादी मुलगी धसमुसळी चालली की म्हणायचं, काय गं, जरा बाईसारखं चाल. जी बाईच आहे तिला बाईसारखं चालायला सांगायचं! आता ते बाईसारखं म्हणजे कुणासारखं, याचं एक उत्तर गंधर्व मंडळीच्या नाटकांत सापडतं. सगळं नाही सापडत, पण बरंच.

कुणी म्हणेल, अहो, बायका एवढ्या भोळ्या नव्हत्या. बरोबर आहे. मुळीच नव्हत्या. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. त्याला निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेच्या खटल्याचं. पण ताराबाई कोर्टावर थांबल्या नाहीत. त्या काळी लोक आवडीनं वाचत त्या कादंबऱ्या आणि पाहत ती नाटकं, त्यांत बाई कशी रंगवतात, यावर त्यांनी झोड उठवली. सावित्रीची कथा घेऊन त्यांनी विचारलं, नवऱ्यासाठी यमामागे जाणारी बाई तुम्ही सांगता, पण बायकोसाठी यमाच्या वाटेवर गेलेला एखादा नवरा ऐकलाय का? तुम्हाला आठवत असेल, फाळक्यांनी १९१४ साली याच नाशकात 'सत्यवान सावित्री' काढला. ताराबाईंचा प्रश्न तोवर बत्तीस वर्षांचा झाला होता. पडद्यावर सावित्री चालली, प्रश्न काही चालला नाही.

तसंच गिरिजाबाई केळकरांचं. कृ. प्र. खाडिलकरांनी 'बायकांचे बंड' लिहिलं, तर गिरिजाबाईंनी उत्तरादाखल 'पुरुषांचे बंड' लिहिलं. नाटकाला नाटकानंच उत्तर. ही नावं आपल्या शाळेच्या पुस्तकांत किती आली, ते तुम्हीच आठवा.

आता नाशिकची एक रात्र. २१ डिसेंबर १९०९. विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. ही तारीख नाशकात शेंबड्या पोरालाही माहीत असते. पण त्या रात्री रंगमंचावर कोणतं नाटक होतं? किर्लोस्कर मंडळीचं 'संगीत शारदा'. गोविंद बल्लाळ देवलांचं, १८९९ चं. आणि 'शारदा' कशाबद्दल आहे? पैशाच्या लोभानं बाप आपली कोवळी पोर भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्याला द्यायला निघतो, त्याबद्दल. म्हणजे त्या रात्री त्या एकाच छपराखाली दोन बंडं होती. एक इतिहासाच्या पुस्तकात गेलं, आणि ते जायलाच हवं होतं. दुसरं संगीत म्हणून राहिलं.

'शारदा'चं मोठेपण आम्ही मानतो. त्या नाटकानं घराघरात जरठ-कुमारी विवाहाबद्दल चर्चा सुरू केली, जी शंभर लेखांनी झाली नसती. पण शारदा सुटते कशी, हे बघा. लग्न मोडतं ते तिनं नको म्हटलं म्हणून? नाही. वर आणि वधू सगोत्र निघतात म्हणून मोडतं. म्हणजे शास्त्राच्या एका नियमानं दुसरा अन्याय अडवला. मग ती नदीत जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो, आणि शेवटी शंकराचार्यांची संमती मिळून लग्न होतं. देवलांना दोष देत नाही. १८९९ च्या प्रेक्षकाला पचेल तेवढंच नाटककार वाढतो. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून काय रणकंदन झालं होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. रखमाबाईंच्या खटल्याचीही आठवण ताजी होती. तरी मुद्दा राहतोच, की शारदेच्या 'नाही'ला नाटकात वजन नाही. आणि ही शारदाही मुलगा होता, हे सांगायला नको.

आता पुन्हा फाळक्यांकडे. 'राजा हरिश्चंद्र' झाल्यावर ते मुंबईहून नाशिकला आले आणि इथं १९१३ साली 'मोहिनी भस्मासुर' तयार झाला. आमच्या मते नाशिकनं पितळी पाटी लावायची तर ती या चित्रपटासाठी लावावी. कारण भारतीय पडद्यावर खरी बाई पहिल्यांदा आली ती इथं. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी कमळा मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पोरीला घेऊन नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरणाऱ्या. पोट भरायचं होतं. 'पहिली अभिनेत्री' वगैरे आपण आज म्हणतो. त्यांच्या लेखी तो रोजगार होता, आणि त्या रोजगाराची किंमत म्हणून ओवाळून टाकलेलं जिणं.

आणि या चित्रपटात एक विलक्षण योग आहे, तो फाळक्यांच्याही ध्यानात आला होता का कोण जाणे. मोहिनी कोण? विष्णू. भस्मासुराला भुलवण्यासाठी देवानं घेतलेलं बाईचं रूप. म्हणजे आजवर पुरुष बाई होत होते. आता पहिल्यांदा एक खरी मुलगी आली, तर तिला भूमिका काय मिळाली? बाईचं सोंग घेतलेल्या पुरुषाची. (हशा) हसा, पण असं लिहून काढलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

कमळाबाईंचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं. तेही रंगभूमीवरचे, तरुणपणी स्त्रीभूमिका केलेले. ऐन पंचविशीत नवरा गेला, पदरात मुलं. पुढे कमळाबाईंनी बायकांच्या नाटक मंडळीत काम केलं, तिथं पुरुषभूमिकाही केल्या. हो, अशा मंडळ्याही होत्या. मनोहर स्त्री संगीत मंडळी, बेळगावकर स्त्री संगीत मंडळी. तिथं राजा बाई, प्रधान बाई, खलनायक बाई. मिश्र मंडळी चालायची नाही, पण एकट्या बायकांनी मिशा लावलेल्या चालायच्या. चंद्रकांत गोखले हे कमळाबाईंचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू, हे नव्या पिढीसाठी सांगून ठेवतो. कमळाबाई जवळजवळ शतकभर जगल्या. रीना मोहन यांनी त्यांच्यावर 'कमलाबाई' नावाचा माहितीपट केलाय, तो जरूर बघा. एक म्हातारी बाई खोलीत एकटी बसलेली, आणि जुनी भाषणं घडाघडा म्हणणारी.

इतका वेळ पडद्यावरच्या बाईबद्दल बोललो. पडद्यामागची राहिलीच.

सरस्वतीबाई फाळके. माहेरच्या करंदीकर. फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल प्लेगच्या साथीत गेलं, त्यानंतर १९०२ साली हे लग्न झालं. फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण ठेवून, पैसे उभे करून १९१२ साली लंडन गाठलं, सेसिल हेपवर्थकडे तंत्र पाहिलं, विल्यमसन कॅमेरा आणला, हे आपण अभिमानानं सांगतो. त्या धंद्यात सरस्वतीबाईंचे दागिने गेले, हेही सांगतो, पण कसं? 'पत्नीचा त्याग' म्हणून. एका ओळीत. त्यांनी केलेलं काम बघा. कच्ची फिल्म तेव्हा भोकं न पाडलेली यायची. रात्री अंधारात बसून कडेला भोकं पाडायची, ते त्या करायच्या. रसायनं मिसळायच्या, फिल्म धुवायच्या. चित्रीकरणात उन्हाचा प्रकाश परतवायला पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहायच्या. आणि शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक.

आजच्या भाषेत हे लॅब टेक्निशियनचं काम, लाइटिंगचं काम, प्रॉडक्शनचं काम आणि केटरिंगचं काम. यांतल्या प्रत्येकाला आज पडद्यावर नाव मिळतं, आणि केटरिंगवाल्यालाही आभार मिळतात. सरस्वतीबाईंना 'सुविद्य पत्नीची मोलाची साथ' हे वाक्य मिळालं. आम्ही सगळ्यात जास्त जे सांगू इच्छितो ते हे आहे. संस्कृती बाईला काय दाखवते याची चर्चा आपण करतो, ती करायलाच हवी. पण ती बाईचं काय दाखवत नाही, हा त्याहून अवघड प्रश्न आहे, कारण जे दिसत नाही त्याचा पुरावा आणायचा कुठून? फिल्मच्या कडेची भोकं दिसतात. ती कुणी पाडली ते त्यावर लिहिलेलं नसतं. आणि सरस्वतीबाईंचं निदान नाव तरी राहिलं, नवऱ्याचं नाव मोठं होतं म्हणून. बाकी कंपन्यांच्या आवारात राबलेल्या बायकांचं ते भाग्यही नाही.

नाशिकला १९१८ च्या आरंभी भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. त्याआधी १९१७ साली 'लंकादहन' आला होता, आणि त्यात आपल्या अण्णा साळुंक्यांनी एक पराक्रम केला. राम तेच आणि सीताही तेच. नवराबायको एकच माणूस! पैसा इतका जमला की बैलगाड्यांतून नाणी नेल्याच्या कथा आजही सांगतात. प्रेक्षकांना काही खटकलं नाही. म्हणजे स्त्री आणि पुरुष ही भूमिका असते, हे लोकांना मुळात मान्यच होतं. पटत नव्हतं ते एवढंच, की ती भूमिका निवडायचा हक्क बाईला असावा.

कंपनी निघाल्यावर 'श्रीकृष्णजन्म' आणि १९१९ साली 'कालियामर्दन' आला. त्यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. या चित्रपटाचा बराच भाग सुदैवानं शिल्लक आहे. सुरुवातीलाच मंदाकिनी मुलीच्या रूपात येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते, मग तिचा कृष्ण होतो. फाळके जणू प्रेक्षकाला सांगतात, बघा, ही मुलगी आहे, आता तिचा देव करतो. पोर जिवंत आहे, खट्याळ आहे, पाण्यात उडी मारते, नागाच्या डोक्यावर नाचते. वयात येण्याआधीच्या मुलीला हे सगळं चालतं. मंगळागौर, झिम्मा, फुगडी, झाडावर चढणं, नदीत पोहणं. मग एके दिवशी घरात कुणीतरी म्हणतं, आता पुरे. 'कालियामर्दन' बघताना आम्हाला दर वेळी त्या 'आता पुरे'ची आठवण येते.

आता थोडं गावाबाहेर जाऊ, नाशिक-पुणे रस्त्याला. वाटेत संगमनेर लागतं. त्या तालुक्यातल्या हिवरगावची पवळा. पवळाबाई भालेराव हिवरगावकर. आणखी पुढे नारायणगाव, विठाबाईंचं. तुम्ही एसटीनं या गावांवरून शंभर वेळा गेला असाल. बालगंधर्वांच्या काळात बायका रंगमंचावर येत नव्हत्या, असं आम्ही मघापासून म्हणतोय. हे अर्धसत्य आहे, आणि ते दुरुस्त केलं पाहिजे. ब्राह्मणी-मध्यमवर्गीय नाटकात येत नव्हत्या. तमाशात येत होत्या. पठ्ठे बापूरावांसारखा कुलकर्णी माणूस महार जातीच्या पवळेबरोबर फडात उभा राहिला, तेव्हा गावोगाव काय खळबळ उडाली असेल, कल्पना करा. तमाशातही आधी नाच्या पोराच फिरायचा, साडी नेसून. मग बाई आली. पण कुठल्या जातीची बाई? महार, मांग, कोल्हाटी. जिच्या अब्रूची समाजाला चाड नव्हती, ती फडावर चालली. तिच्याकडे बघायला येणारा पाटील घरी जाऊन सुनेला पदर डोक्यावर घे म्हणायचा.

विठाबाईंची ती गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. नऊ महिने भरलेले, वग चालू, कळा सुरू झाल्या. मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या. ही गोष्ट आपण 'कलेवरची निष्ठा' म्हणून सांगतो. आम्हाला ती सांगताना अलीकडे अडखळायला होतं. निष्ठा होतीच. पण पाळण्याची, रजेची, सुईणीची सोय नसलेल्या कामगार बाईची ती गोष्ट आहे, हे आपण का म्हणत नाही? मघाशी म्हटलं, बालगंधर्वांच्या बाईला बाळंतपण नसतं. विठाबाईंना होतं, पाच पावलांवर, पडद्यामागे. मराठी करमणुकीनं एकाच शतकात या दोन्ही बायका पाहिल्या आणि दोघींना दोन वेगळ्या खणांत ठेवलं. एकीला संगीत, दुसरीला तमाशा.

तीसच्या दशकात चित्र हलायला लागलं. बोलपट आला. आता पुरुषानं बाईचा आवाज काढायचा म्हणजे माइकसमोर पितळ उघडं पडायचं. कोल्हापूरच्या प्रभातनं १९३२ साली पहिला मराठी बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. गोष्ट कुठली? तीच, हरिश्चंद्राची. आणि तारामती? दुर्गा खोटे. मुंबईच्या लाड घराण्यातल्या, कॉलेजात शिकलेल्या. सासरची आर्थिक घडी विस्कटली म्हणून कामाला बाहेर पडलेल्या. पहिल्या एका फुटकळ भूमिकेवरून त्यांच्यावर चिखलफेक होऊन गेली होती. एकोणीस वर्षांत तारामतीची मिशी गेली. आणि मौज म्हणजे यात राजा झालेले गोविंदराव टेंबे हे गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी एक. बालगंधर्वांच्या बाईला साथ दिलेला माणूस आता खऱ्या बाईसमोर उभा होता. १९३३ ला नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आल्या, आणि नाटकानंही वाट बदलली.

पण तारामती खरी झाली म्हणून तारामतीपण बदललं का? नवऱ्याच्या सत्त्वासाठी विकली जाणारी, लेकराचं प्रेत घेऊन स्मशानात उभी राहणारी बाई तीच. आता ती बाईनं केली, म्हणून आणखी खरी वाटायला लागली. हे फार घातक आहे. पूर्वी निदान पुरुष सोंग घेतोय हे ठाऊक होतं.

अपवाद म्हणून नव्हे, खरं वळण म्हणून 'कुंकू'चं नाव घेतो. १९३७, प्रभात, दिग्दर्शक व्ही. शांताराम, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. विषय 'शारदा'चाच, म्हातारा नवरा आणि कोवळी बायको. मधल्या काळात १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला होता. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. हरबिलास सारडांचा म्हणून सारडा कायदा. आपल्याकडे लोक त्याला खुशाल 'शारदा कायदा' म्हणायचे. देवलांच्या शारदेला कायद्यानं न्याय दिला, असंच वाटायचं अनेकांना. तर 'कुंकू'तली नीरा फसवून म्हाताऱ्याशी लावून दिली जाते, आणि ती हे लग्न मानायलाच नकार देते. ती गोत्र बघत नाही, शंकराचार्यांना विचारत नाही. रडून मोकळी होत नाही. अडतीस वर्षांनी 'नाही' या शब्दाला गोष्टीत वजन आलं. नीरा झालेल्या शांता आपटे प्रत्यक्षातही तशाच. १९३९ साली कराराच्या वादावरून त्या प्रभातच्या फाटकासमोर उपोषणाला बसल्या होत्या. आणि त्या चित्रपटात म्हाताऱ्याची समाजसेविका लेक झालेल्या शकुंतला परांजपे पुढे खरंच संततिनियमनाच्या कामात आयुष्यभर राहिल्या.

आता वाटेल, चला, १९३७ ला गाडी रुळावर आली, पुढे प्रगतीच प्रगती. तसं नसतं. 'एकच प्याला'तली सिंधू आठवा. नवरा दारुडा, घर उद्ध्वस्त, तरी तिच्या तोंडून नवऱ्याविरुद्ध शब्द नाही. आणि मग या १९९१ ला. 'माहेरची साडी'. विजय कोंडके, अलका कुबल. गंमत म्हणजे मूळ गोष्ट राजस्थानी चित्रपटाची, पण मराठी बायकांनी ती अशी उचलली की जणू आपल्याच गल्लीतली. आमच्या घरातल्या बायका रुमाल घेऊन गेल्या आणि ओले करून आल्या. आम्हाला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. कारण त्या पडद्यावरच्या सुनेला रडत नव्हत्या. त्यांना स्वतःसाठी रडायला तीन तास मिळाले होते, अंधारात, कुणी का रडतेस असं न विचारता. त्या चित्रपटानं सोशिकपणाची पूजा केली, हे आमचं मत कायम आहे. त्याच चित्रपटानं त्यांना मोकळं केलं, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या असतात, ते आम्हाला नीट मांडता येत नाही. प्रयत्न केला, इथवरच आलो.

आता प्रश्नांची वेळ. एक चिठ्ठी आली आहे. कुणीतरी विचारलंय, पुरुषांना बायका करायला लावण्यापेक्षा फाळक्यांनी सरळ सरस्वतीबाईंनाच तारामती का नाही केलं? चांगला प्रश्न आहे. सांगितलं जातं की त्यांनी विचारलं होतं, आणि सरस्वतीबाईंनी नकार दिला. लाजून नव्हे. हातात इतकी कामं होती, साठ-सत्तर पानं वाढायची होती. त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या असत्या तर बाकीचं कुणी बघितलं असतं?

दुसरी चिठ्ठी, अण्णा साळुंक्यांचं पुढे काय झालं. ते कॅमेऱ्याच्या मागे गेले. छायाचित्रणकार झाले.